एकेचाळीस खेपा

तारीख ९ जानेवारी १९६२, मंगळवार. बेरीज एकेचाळीस. हजर: मी, पत्नी यमुना, मुलगी सुशीला, मुलगा वसंत आणि तुझ्या शाळेचा शिपाई धनसिंग. जागा: दिग्रस, शाळेमागची तुझी खोली.

अक्का, तुझ्या तेराव्याचं जेवण आटोपून आम्ही पाच जण तुझी खोली आवरायला गेलो. आवरायला फार नव्हतंच. लुगडी सहा, चष्मा एक, स्टोव्ह एक, खडूची पेटी अर्धी. ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखाली दोन कागद निघाले. मी ते पाहताक्षणी ओळखले. पहिला सुशीलेच्या अक्षरातला. तिनं पाण्याच्या खेपांची बेरीज एकोणचाळीस केली होती, ती मी खोडून एकेचाळीस केली होती आणि बाजूला माझी सही होती. दुसरा वसंताचा. तो मी उघडला नाही, घडी होती तशी खिशात घातली.

धनसिंग म्हणाला, "साहेब, हे कागद बाई दरसाली उन्हाळ्यात काढत, ऊन देत आन् परत ठेवत. मी म्हटलं, बाई, मी ठेवतो, तर म्हणे, नको, हा माह्या भावाचा ऐवज आहे."

ऐवज! वाक्य ऐकून मी तुझ्या खाटेवर बसलो.

तू गेल्याचं दुःख आहे, ते मी नाकारत नाही. पण तुला खोटं आवडत नव्हतं म्हणून सांगतो, या दिवसांत जास्त करून मला हायसं वाटत आलं आहे. तुला त्रास झाला नाही. सकाळी तू पाढे घेतलेस, दुपारच्या सुटीत अंग टाकलंस आणि घंटा झाली तेव्हा उठली नाहीस. कुणाच्या हातचं पाणी मागावं लागलं नाही. हे एक. दुसरं कारण त्या कागदांत आहे, आणि ते तुझ्या हयातीत तुला सांगायचं राहिलं. म्हणून लिहितो आहे.

१९५७ चा नोव्हेंबर. जिनात, म्हणजे आमच्या सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचा हंगाम भरात होता. सुशीला चौथीत, वसंत तिसरीत, आणि दोन्ही वर्ग एकाच हॉलमध्ये तू घ्यायचीस. घरी आत्या, शाळेत बाई. वसंत कधी चुकून शाळेत आत्या म्हणाला तर तू ऐकूच आलं नाही असं करायचीस.

त्या महिन्यात तू पोरांना 'घरचं गणित' दिलंस. सोमवार ते रविवार, घरात कोणी कोणतं काम किती वेळा केलं ते मोजायचं. रकाने आखायचे: आई, बाबा, भाऊ, बहीण. खाली बेरीज. सगळ्यांत खाली एक ओळ, मुलांना आणि मुलींना सारखीच: या आठवड्यात रडू किती वेळा आलं, आणि कुठे बसून रडलात? आणि त्याखाली, 'पालकांनी बेरीज तपासून सही करावी.'

तू मला पुरती ओळखून होतीस, अक्का. बेरीज तपासा म्हटलं की मी दुसरं काही वाचत नाही.

बावीस वर्षं मी जिनातल्या काट्यावर आहे. कापसाची गाडी काट्यावर चढली की माझ्या तोंडाकडे दोन माणसं बघतात, शेतकरी आणि व्यापारी. एक जास्तीची वाट बघतो, दुसरा कमीची. दोघांना मी एकच आकडा सांगतो. आमच्याकडे नियम असा, की लिहिताना आकडा चुकला तर तो ब्लेडनं खरवडायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. चुकलेला आकडा खालून वाचता आला पाहिजे. खरवडलेली चिठ्ठी मालक फाडून टाकतात आणि लिहिणाऱ्याला घरी पाठवतात.

त्या रविवारी संध्याकाळी मी ओसरीवर बसून सुशीलेचा कागद तपासला. पाण्याचे गुंड, म्हणजे पितळी घागरी: सहा, सहा, पाच, सहा, सहा, सहा, सहा. तिनं एकोणचाळीस लिहिले होते.

"हे काय? परत कर."

तिनं बोटांवर केली. "एक्केचाळीस."

"मग? आपल्या मेहनतीचे दोन गुंड सांडलेस की नाही?"

नियमाप्रमाणे दुरुस्ती केली. मग पाहिलं, वसंताच्या रकान्यात पाण्यापुढे जागा कोरी होती. माझ्याही.

"कोरी जागा म्हणजे आकडा नव्हे," मी म्हणालो. "उद्या कोणी काहीही भरेल. शून्य असेल तर शून्य लिहावं." आणि मीच लिहिलं. वसंताच्या रकान्यात एक ठळक शून्य, माझ्या रकान्यात एक ठळक शून्य. सही केली. यमुना दारात उभी राहून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, तिला खोकला आला.

मग वसंताचा कागद. बेरजा बरोबर होत्या. खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'रडू: ५ वेळा. जागा: सरपणाची खोली.'

ते पाच कशाचे होते ते मला माहीत होतं. रोज सकाळी मी त्याला तोंडी हिशेब घालत असे. चुकला की कान धरून उभा करायचो, सुशीलेसमोर. डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचो, "बांगड्या भरू काय हातात? रडायचं काम पोरींचं." त्याच आठवड्यात एकदा असं म्हणालो, तर सुशीला वेणी घालता घालता बोलली होती, "बाबा, बांगड्या भरल्या तर पाणीबी आणा लागते. त्याले नाही जमणार." यमुना हसली. मी दोघींवर ओरडलो. वसंत हसला नाही. त्याचं पोट रोज सकाळी दुखायचं, आणि मी त्याला ओवा द्यायला सांगायचो.

त्या पाचाकडे मी बराच वेळ पाहिलं. हा कागद शाळेत जाणार, चार पोरं वाचणार. काट्यावरच्या दिवाणजीचा मुलगा सरपणाच्या खोलीत बसून रडतो. मी दाढीचं ब्लेड आणलं. पाच खरवडला. वर शून्य लिहिलं. रेघ मारली नाही, बाजूला सही केली नाही. खाली मात्र केली.

बावीस वर्षांत मी एवढा एकच आकडा खोटा लिहिला आहे.

सोमवारी तू फळ्यावर वर्गाची बेरीज मांडलीस. मुलींनी आणलेलं पाणी एकीकडे, मुलांनी आणलेलं दुसरीकडे. नाव कोणाचं घेतलं नाहीस. पण सुशीलेनं मैत्रिणीला मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आमच्या घरचे दोन शून्य तर माह्या बाबांनी सोता लिहून देल्ले." संध्याकाळी शेजारचे पोस्टमास्तर वाटेत भेटले.

"काय दिवाणजी, शाळेच्या फळ्यावर तुमचे दोन शून्य लागले म्हणे! बाकीच्यांनी आकडे लपवले, तुम्ही सही करून देल्ले. मानलं!"

मी तसाच तुझ्या खोलीवर आलो. तू तांदूळ निवडत होतीस.

"पोरींनी पाणी भरणं हा गुन्हा आहे काय, अक्का?"

"गुन्हा कोण म्हणते? मी बेरीज सांगितली. तेबी तू दुरुस्त केलेली. माह्याजवळ तर एकोणचाळीसच आले असते."

"अन् पोरांच्या रडण्याशी शाळेला काय करायचं आहे?"

तू ताट बाजूला ठेवलंस, उठलीस, वसंताचा कागद काढून खिडकीच्या उजेडाला धरलास. शून्याच्या आत कागद पातळ झाला होता, आणि त्यातून पाच दिसत होता.

"काहून रे बापू, तुमच्या जिनात असं चालते?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

"सकाळी कागद देताना वसंतानं मला विचारलं. म्हणे, आत्या, बाबांनी लिहिलेला आकडा कधी चुकत नाही ना? मी म्हटलं, नाही बा. तर म्हणे, मग मी पाच वेळा तिथं काय करत होतो?" तू कागदाची घडी घातलीस. "आता तूच सांग त्याले."

"मुलगा आहे तो. ही सवय लागली तर जन्मभर लोक हसतील."

"तू कुठं रडत होतास, बापू? बाबा गेले तवा?"

"मी रडलो नाही."

"गव्हाणीत. काळ्या गाईच्या गव्हाणीत, कडब्याखाली. मी रोज संध्याकाळी येऊन पाहून जात होती. हाक मारली नाही, तुले लाज वाटन म्हणून." मग म्हणालीस, "हाक मारायला पाह्यजे होती."

मला आठवत नाही, असं म्हणून मी निघून आलो. आठवत होतं.

बुधवारी दुपारी जिनात निरोप आला, वसंत शाळेतून आला तो दिसत नाही. घरी पोचलो तर ओसरीवरच्या गुंडांतला एक कमी होता. चौकातल्या विहिरीवर गर्दी होती. कोणीतरी वाकून बघितलं होतं आणि पाण्याच्या तळाशी पितळ चमकत होतं. यमुना काठाच्या दगडाला धरून बसली होती, तिला बायांनी दोन्हीकडून धरलं होतं. धनसिंगानं दोराला गळ बांधून आत सोडला. मी काठावर उभा होतो आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की ते शून्य मी लिहिलं आहे. दोन्ही कागदांवर त्याच्यापुढे मीच शून्य लिहिलं आहे.

गळ लागला. जड होतं. दोर हातहात वर येत होता.

"छोरा नाही, साहेब!" धनसिंग ओरडला. "गुंड हाय! पाण्यानं भरलेला गुंड हाय!" आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तो स्वतः आत उतरला, कारण गुंड निघाला तरी पोरगा कुठे होता?

मला तुझा फार राग आला, अक्का. अर्धं गाव विहिरीवर आणि तू आली नाहीस.

तेवढ्यात सुशीला धावत आली. "बाबा! आई! चला! आत्याले सापडला!"

सरपणाच्या खोलीच्या दारात तू उभी होतीस. मला पाहून हात आडवा केलास. "त्यानं जागा लिहून देल्ली होती," हळूच म्हणालीस. "तू आकडा खोडलास, जागा कोणी वाचलीच नाही. आत जा. बेरीज-वजाबाकी काही काढू नको. बस फक्त."

पऱ्हाटीच्या मोळ्यांमागे, गेल्या हंगामानंतर शेतातून आणलेल्या कापसाच्या वाळक्या काटक्यांच्या आडोशाला, तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो. धोतराला काटक्या टोचत होत्या. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मग तो म्हणाला,

"मले शून्याचं एक करायचं होतं. गुंड सुटला. आता एकबी खेप नाही झाली."

"भरला होता का?"

"हो. काठापावतर आला होता."

मी विचार केला. "मग अर्धी धरू."

त्यानं मान वर केली. "अर्धी धरता येते?"

"विहिरीतून वर आली म्हणजे अर्धी. घरी पोचली की पुरी. मी लिहून देतो."

तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला, आणि मी त्याला नको म्हणालो नाही. मागे यमुना आली. धनसिंग ओला पोषाख पिळत अंगणात उभा होता आणि तू त्याला चहा पाजत होतीस. त्या दिवशी मला जे वाटलं, ते हायसं वाटणं मला आजपर्यंत पुरलं आहे. सकाळचे तोंडी हिशेब मी त्या दिवसापासून बंद केले. ओवाही लागला नाही.

इथपर्यंत तुला सगळं माहीत आहे. वाद पुढे राहिला तो राहिलाच. वसंताच्या वाट्याला रोजचे दोन गुंड आले, रविवारचे माझ्याकडे. पण मी रविवारी उजाडायच्या आत विहिरीवर जायचो, चौकात कोणी नसताना, आणि वसंतालाही तीच वेळ लावून दिली होती. तुला कळलं तेव्हा म्हणालीस, "काहून, उजेडात भरलं तर पाणी खारट होते काय?" मी म्हणालो, घरात कोण काय करतो हे घरात राहावं. तू म्हणालीस, मग सुशीलेचं काहून चौकात? चार वर्षं आपण दर रविवारी हेच बोललो. शब्दसुद्धा बदलले नाहीत. पुसदहून मामा आले की मी तेवढा रविवार चुकवत असे आणि तू तो मोजून ठेवायचीस. सुशीला चौथीनंतर घरी बसणार होती, ती आता आठवीत आहे. ते मात्र मी तुझ्याशी एका बैठकीत कबूल केलं. पाण्याचं कबूल केलं नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मोठ्या गोष्टीत हरलो तरी चालतं, लहान गोष्टीत लोक बघतात.

तुला नेलं त्या दिवशी वसंत सर्वांदेखत रडला. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, मिसरूड फुटायला आलेली, आणि तोंड झाकत नव्हता. मामा म्हणाले, "अरे, बाप्या माणूस ना तू? पोरीवानी काय रडून राह्यला?"

मी म्हणालो, "मामा, रडू द्या त्याला. त्याची आत्या गेली." आणि माझी बहीण गेली हे मला तेव्हा समजलं. मीही तोंड झाकलं नाही. वसंतानं माझा हात धरला. गव्हाणीत नव्हतो, चौकात होतो. तू पाहिलं असतंस तर नक्की म्हणाली असतीस, "लिहून ठेव, बापू. एक."

आता राहिलेलं.

९ तारखेला तुझ्या खोलीवरून घरी आल्यावर मी वसंताला ओसरीवर बोलावलं. खिशातला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. दौत आणली. शून्यावर एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं पाच. बाजूला सही, तारीख. चार वर्षं दोन महिने उशीर.

वसंतानं कागद उजेडाला धरला, तू धरला होतास तसा. "आत्याले दिसत होता काय हा?"

"पहिल्या दिवसापासून."

"मलेबी माहीत होतं की तुम्ही खोडला म्हणून. मी काही म्हटलं नाही. तुम्हाले लाज वाटन म्हणून."

अक्का, हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं. माझ्या मुलानं माझ्याशी तेच केलं जे तू केलं होतंस. कागद मी त्याला दिला. त्याचा आहे.

मग सुशीलेचा कागद. ती म्हणाली, "हा कायले ठेवता? याच्यात तर काही चूक नाही आता."

"बेरजेत नाही," मी म्हणालो. "खेपा कोणाच्या होत्या त्यात आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी विहिरीवर गेलो. सकाळी आठनंतर, ऊन चौकात आल्यावर. कागदावर होतं तसंच: सहा, सहा, पाच, सहा, सहा, सहा, सहा. पहिल्या दिवशी बाया बाजूला झाल्या, माझ्याकडे न बघता. तिसऱ्या दिवशी एकीनं दोर धरायला मदत केली आणि म्हणाली, "दिवाणजी, कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका. उद्या उठता नाही येणार." पोस्टमास्तर सायकलवरून उतरले. "घरी बाई आजारी आहे काय?" मी म्हणालो, "नाही, ठणठणीत आहे." ते सायकल हातात धरून पुढे गेले. कोणी हसलं असेल. माझं काही कमी झालं नाही. चार वर्षं मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं, हे तुला सांगायला तू नाहीस, एवढीच यातली रुखरुख.

खेपा सुशीला मोजत होती. काल सातवा दिवस झाल्यावर मी म्हणालो, "एकेचाळीस. लिही."

"चाळीस अन् अर्धी," ती म्हणाली.

"काहून?"

"शनिवारी उंबऱ्यावर ठेचकाळले तुम्ही. अर्धा गुंड सांडला. मी पाह्यलं."

यमुनेनं पुन्हा पदर तोंडाला लावला. चार वर्षांपूर्वी तो खोकला नव्हता, हे मला काल कळलं. मी हिशेब पाहिला. पोरीचं बरोबर होतं.

आज तारीख १७ जानेवारी, बुधवार. सकाळी साडेनऊला, भर चौकातून, अर्धा गुंड पाणी आणून रांजणात ओतलं. एकूण एकेचाळीस खेपा. दिल्या सुशीलेला. तिनं सही केली आहे.